नागपूरची रायफल आणि आपला परवाना

(मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकुनी करणारे, शिकारी नव्हे. तरी या विषयावर बोलायला उभे राहिलो, कारण गेल्या काही हंगामांत पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींतल्या संत्रा बागाईतदारांकडून एकच प्रश्न कानावर येतो आहे : “डुकरांनी आणि रोह्यांनी वाट लावली. नागपूरहून एक रायफल घेऊन आलो तर काय होईल?” प्रश्न सरळ आहे, उत्तर सरळ नाही. चुकीच्या उत्तराने माणूस तुरुंगात जाऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर बोलतो.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्नच पडला नाही. छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर तेव्हा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, आणि राजधानी नागपूर. नागपूरच्या दुकानातून बंदूक आणणे म्हणजे घरच्या बाजारातून आणणे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि १ मे १९६० नंतर ते महाराष्ट्र झाले. सोयरीक तिकडे, दवाखाना तिकडे, संत्र्याची मंडी तिकडे. पण बंदुकीच्या बाबतीत नागपूर हे परराज्य. कागद नात्यागोत्याला ओळखत नाही.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणाचा उल्लेख स्पष्ट आहे, पण तो रायफलसाठी नाही. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि तिने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, असा तो क्रम आहे. रायफल मागायची तर वेगळे आणि सबळ कारण दाखवावे लागते, आणि ते पटणे न पटणे अधिकाऱ्यांच्या हातात राहते. आमचे स्वतःचे मत विचाराल तर बागेत रायफल नकोच. तिची गोळी मैलभर जाते, आणि आपल्या बागांत तोडणीची माणसे, शेजारच्या वाडीतली पोरे, पलीकडे गावरस्ता. बारा बोअर पुरे. पण ज्यांना रायफलच हवी आणि ज्यांचे कारण खरे आहे, त्यांनी ती रीतसर घ्यावी.

घ्यायची कोणती? सामान्य नागरिकाला .३०३ मिळत नाही, तो लष्करी बोअर म्हणून प्रतिबंधित आहे. म्हणून तर .३१५ बोअरची रायफल सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी बनू लागली. बंगालमधला ईशापूरचा कारखाना तिच्यासाठी प्रसिद्ध. आयुध निर्माणी मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या झाल्या, त्यामुळे बिलावर जुने नाव नसले तर घाबरू नका.

परवान्याशिवाय दुकानदार दाखवेल, पण देणार नाही, आणि जो देतो तो दुकानदार नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराला शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षणही घ्यावे लागते, घरात शस्त्र सुरक्षित कुठे ठेवणार हेही सांगावे लागते. परवान्यावर यू.आय.एन. क्रमांक हवा. तो नसला तर पुढचे सगळे अडते.

खरी गाठ पडते ती परवान्यातल्या एका छोट्या रकान्यात : हा परवाना कुठवर चालेल. तिथे मध्य प्रदेशच लिहिले असेल, तर सावनेरच्या अलीकडची सीमा ओलांडली की तुमच्या हातातली रायफल आणि परवाना यांचा मेळ बसत नाही. बस असो की स्वतःची गाडी. त्यावर दोन वाटा आहेत. एक, आधी आपल्या परवाना कार्यालयाकडून महाराष्ट्रात खरेदी करून अमुक मार्गाने आणण्याची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी ‘आणा हो’ चालत नाही, बाबू बदलला की ते शब्दही बदलतात. दुसरी वाट आम्हाला अधिक बरी वाटते : मध्य प्रदेशातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत मागवावी. दुकानातून दुकानात माल त्यांच्या परवान्यावर, त्यांच्या वाहतुकीच्या कागदांवर येतो. चार पैसे जास्त लागतील, पण सीमेवरची जोखीम तुमच्या डोक्यावर नाही.

बँकवाल्याची एक सवय इथे कामी येते. रायफलीच्या अंगावर कोरलेला क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि दुकानदाराने परवान्यावर केलेली नोंद, तिन्ही आकडा-आकडा जुळवून मगच दुकानाची पायरी उतरा. पैसे रोख देऊ नका, खात्यातून द्या. घरी आल्यावर मुदतीत थान्यात आणि परवाना कार्यालयात नोंद करून पोच घ्या. आणि हो, ती काडतुसे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतील का, असे आम्हाला तिघांनी विचारले आहे. नाही.

नागपूरच्या मामाची जुनी रायफल घेऊन येण्याचा मोह अनेकांना होतो. परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्याला द्यायचे, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या थान्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते, आणि घेणाऱ्याचा परवाना आधी लागतो. मामा वारले असतील, तर शस्त्र थान्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःचा परवाना मागायचा. कपाटात पडू द्यायचे नाही. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहू शकतात, वारसाहक्काची धरून. त्याच दुरुस्तीने विनापरवाना शस्त्राची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे केली. आपल्या जुन्या वाड्यांत आजोबांच्या बंदुका अजून भिंतीवर आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

रायफल आली म्हणजे डुक्कर मारण्याची मोकळीक मिळाली, असेही समजू नका. रानडुक्कर आणि रोही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी परवानगी मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव संरक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी देतात, आणि ती वेगळी मागावी लागते. शस्त्राचा परवाना एक, मारण्याची परवानगी दुसरी. पेंचचे जंगल फार दूर नाही. वनखाते या बाबतीत ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये.

आता मंडळाने काय करावे? ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. कामे छिंदवाड्याऐवजी जवळ आली, ही सोय आहे. याच वेळी नव्या जिल्हा प्रशासनाला एक निवेदन द्यावे असे आम्ही सुचवतो : नागपूरहून खरेदी करणाऱ्या परवानाधारकासाठी लेखी कार्यपद्धती ठरवून फलकावर लावावी. कोणता अर्ज, कोणत्या टेबलावर, किती दिवसांत. सूट मागायची नाही, सवलत मागायची नाही. नियम स्पष्ट नसला की दलाल फावतो, आणि आपल्याकडे दलाल सीमेच्या दोन्ही बाजूंना बसलेले आहेत. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यांचा विषयही याच निवेदनात यावा, कारण बहुतेक शेतकऱ्यांना बंदूक हौसेने नको आहे, पंचनामा वेळेवर झाला तर ते समाधानी आहेत.

मसुदा सचिवांकडे दिला आहे. सह्या आज घेऊ. ज्यांच्या घरी जुने शस्त्र आहे आणि परवान्यावर यू.आय.एन. नाही, त्यांनी पुढच्या बैठकीला परवान्याची झेरॉक्स आणावी. शस्त्र आणू नये.