जुने लोखंड, नवा मेंदू

लोखंडाचे आयुष्य आणि विजेच्या मेंदूचे आयुष्य यांची जोडी कधीच नीट जुळत नाही. चांगल्या बिडाचे ओतीव यंत्र वेळेवर तेल आणि थोडी निगा एवढ्यावर दोन पिढ्या काम देते. त्याच्या शेजारच्या कपाटातील नियंत्रक मात्र वीस-पंचवीस वर्षांत थकतो, आणि तोवर त्याचे सुटे भाग बनविणारेही त्या धंद्यात उरलेले नसतात. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना बंद पडला, तरी तेथे घडलेले लेथ आजही कितीतरी वर्कशॉपांतून फिरत आहेत. पण ते हाताने चालविण्याचे लेथ होत. ज्या यंत्राचे हात म्हणजे मोटरी आणि डोके म्हणजे संगणक, त्याचे डोके गेले की धडधाकट शरीरही भंगारात जाते. भंगारवाला काट्यावर वजन करतो. टेबलाची सपाटी किंवा स्क्रूची अचूकता त्याच्या काट्यावर उमटत नाही.

अशी यंत्रे भंगाराच्या वाटेवरून घरी आणणाऱ्या हौशी कारागिरांचा एक वर्ग गेल्या तीस वर्षांत अमेरिकेत, युरोपात आणि थोड्याफार प्रमाणात आपल्याकडेही तयार झाला आहे. त्यांत निवृत्त फिटर असतात, विजेची कामे करणारे असतात, महाविद्यालयात शिकणारी मुले असतात. यंत्राचे शरीर तसेच ठेवून त्याला नवा मेंदू बसविणे याला ते ‘रेट्रोफिट’ म्हणतात. शब्द परका असला तरी कल्पना परकी नाही. जुन्या वाड्याचे जोते आणि खांब कायम ठेवून छप्पर नवे घालणारा सुतार तेच करीत असतो.

किंबहुना या यंत्रांचा वंशच अशा दुरुस्तीतून जन्मला आहे. मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्यांचे वक्र आकार आकड्यांवरून कापता यावेत म्हणून त्याने केलेल्या खटपटीला १९४९ मध्ये अमेरिकन वायुदलाचा पैसा मिळाला, आणि पुढे ते काम मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेच्या, म्हणजे एम. आय. टी.च्या, प्रयोगशाळेकडे गेले. १९५२ मध्ये तेथे जे यंत्र आकड्यांच्या हुकमाने चालून दाखविले गेले, ते नव्याने घडविलेले नव्हतेच. सिनसिनाटी कंपनीचे ‘हायड्रोटेल’ हे आधीच तयार असलेले मिलिंग मशीन घेऊन, त्याची नक्कल उतरविण्याची जुनी योजना काढून टाकून, त्यावर नवे चालक आणि निर्वात नळ्यांनी भरलेले भलेमोठे कपाट बसविले होते. तेव्हा गॅरेजमध्ये जुन्या मिलिंग मशीनशी झटणारा आजचा हौशी मनुष्य आपण काही आडवाटेला लागलो आहोत असे समजत असेल, तर ते खरे नव्हे.

हौशी लोकांच्या आवडत्या यंत्रांपैकी एक म्हणजे कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट गावचे, त्याच नावाने जगभर ओळखले जाणारे उभ्या स्पिंडलचे मिलिंग मशीन. १९३८ मध्ये ते बाजारात आले. १९७०च्या दशकात त्याच कंपनीने त्याचा आकड्यांवर चालणारा अवतार काढला. त्याच्या नियंत्रकाचे नाव ‘बॉस’. हा बॉस भोके पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम वाचीत असे आणि अक्षांवरच्या जाडजूड स्टेपर मोटरी पावलापावलाने फिरवीत असे. आज अशा यंत्राचे कपाट उघडले तर कित्येकदा आत धूळ, फुगलेले कपॅसिटर आणि कोणी तरी पूर्वी केलेल्या दुरुस्तीचे डाग दिसतात. खालचे बिडाचे शरीर मात्र पाहावे तर खणखणीत. मनुष्याला मोह पडतो तो तेथेच.

मेंदू मिळविणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९०च्या दशकात यंत्रांच्या नियंत्रणासाठी एक संगणक-कार्यक्रम लिहविला. सरकारी नोकरांनी केलेले काम असल्याने त्यावर कोणाचा मालकी हक्क नव्हता. तो हौशी मंडळींच्या हाती आला, वाढला, आणि आज ‘लिनक्स-सीएनसी’ या नावाने फुकट मिळतो. साध्या संगणकावर चालणारा ‘मॅक-थ्री’ काही वर्षे घरोघर होता. लहान यंत्रांसाठी २००९ मध्ये नॉर्वेतील एका गृहस्थाने ‘ग्रबल’ हा चिमुकला कार्यक्रम लिहिला, तो तर तळहातावर मावणाऱ्या पट्टीवर चालतो. यांपैकी कोणता घ्यावा यावर मंडळी तासन् तास वाद घालतात. वाद रंजक असतो. परंतु नवे यंत्र बिघडते ते बहुधा या निवडीमुळे नव्हे.

बिघाड येतो, आणि येतोच. नवा मेंदू बसविल्यावर पहिला चौकोनी तुकडा कापला जातो, मापला जातो, आणि तो चौकोनी नसतो. येथे हौशी कारागिराची खरी परीक्षा सुरू होते. घाईचा मनुष्य संगणक बदलतो, मग ड्राइव्ह बदलतो, मग मोटर बदलतो. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही तऱ्हा. खिसा रिकामा होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यामुळे शेवटी यंत्र सुधारले तरी कशाने सुधारले हे कळत नाही. मग सहा महिन्यांनी तेच दुखणे परतले की पहिल्या पाढ्यापासून सुरुवात.

शहाणा कारागीर प्रथम विजेला हातच लावीत नाही. तो टेबलाला डायल गेज लावतो आणि चुकीला बोलते करतो. चुका दिसावयास सारख्या असल्या तरी प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो. टेबल १०० मिलिमीटर जावयास सांगावे आणि ते ९९.८ जावे, मग २०० सांगावे आणि ते ३९९.२च्या निम्मे, म्हणजे ९९.६ अधिक १००, असे १९९.६ जावे. अंतराबरोबर चूक त्याच प्रमाणात वाढली, तर दोष हिशेबात आहे, यंत्रात नाही. हा हिशेब सोपा असतो. स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावले टाकते. ड्राइव्हने प्रत्येक पावलाचे आठ भाग केले तर एका फेरीला १६०० स्पंदने झाली. स्क्रू एका फेरीत टेबल ५ मिलिमीटर पुढे ढकलीत असेल तर एका मिलिमीटरला ३२० स्पंदने. या आकड्यात चूक असली तर ती लेखणीने दुरुस्त होते.

दुसरी चूक अंतर कितीही असो, तेवढीच राहते. पण ती फक्त दिशा बदलताना दिसते. हा बॅकलॅश. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये, किंवा स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये जो रिकामा खेळ असतो, तो भरून निघेपर्यंत मोटर फिरते आणि टेबल जागचे हलत नाही. अशा यंत्राने वर्तुळ कापले तर त्याच्या चार बाजूंना, जेथे एकेक अक्ष आपली दिशा बदलतो तेथे, चार लहान सपाट्या उमटतात. अनुभवी डोळा गेज न लावताही त्या ओळखतो. संगणकाला हा खेळ भरून काढावयास सांगता येते, आणि पुष्कळजण तेवढ्यावर समाधान मानतात. ते समाधान अपुरे आहे. कटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने काम सरकत असले की कटरच टेबलाला पुढे ओढतो, आणि त्या रिकाम्या जागेत टेबल धक्का खाऊन उडी घेते. तेथे संगणकाचा हिशेब काय करणार? नट घट्ट करणे, बेअरिंगला योग्य दाब देणे, गिब नीट बसविणे किंवा जुना स्क्रू काढून बॉलस्क्रू घालणे, हेच त्याचे औषध.

तिसरी चूक साठत जाते. टेबल शंभर वेळा पुढेमागे नेले आणि शून्यावर परत बोलावले, तरी ते शून्यावर येत नाही. पुढच्या खेपेस आणखी दूर राहते. म्हणजे मोटर पावले गाळते आहे. स्टेपर मोटर आपण कोठे आहोत हे कोणालाच कळवीत नाही. हुकूम पाळला असे गृहीत धरले जाते. वेग वाढला की तिची ताकद घटते, कारण तारांच्या वेटोळ्यांत प्रवाह चढावयास वेळ लागतो. म्हणूनच तिला पुरेशा व्होल्टेजचा पुरवठा लागतो, आणि म्हणूनच वेग आणि वेगवाढ निम्म्यावर आणून पाहणे हा पहिला प्रयोग. चूक नाहीशी झाली तर मोटर दमत होती. येथे एक गमतीची खूण सांगण्यासारखी आहे. नेहमीच्या मोटरीला एका फेरीत विजेची पन्नास आवर्तने लागतात, आणि अडखळलेली मोटर पुन्हा पकड घेते ती पूर्ण आवर्तनावरच. तेव्हा ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर थेट जोडलेल्या मोटरीची गाळलेली वाट ०.१ मिलिमीटरच्या पटीत निघते. गेजवर ०.१, ०.२, ०.३ असे आकडे दिसले तर चोर मोटरच्या घरातच आहे असे धरावयास हरकत नाही.

पण चूक फार बारीक असली आणि वेग कमी करूनही गेली नाही तर? प्रत्येक वेळी एकाच बाजूला, केसाएवढी सरक. साध्या तुकड्यात कळतही नाही, आणि नक्षीकाम करावयास घेतले, जेथे दिशा हजारो वेळा बदलते, तेथे अर्धी नक्षी भलतीकडे. हा दोष पुष्कळांना आठवडेच्या आठवडे छळतो. त्याचे मूळ बहुधा एका खुणेत असते: स्पंदनाच्या कोणत्या कडेला पाऊल मोजावयाचे याविषयी संगणक आणि ड्राइव्ह यांचे एकमत नसते, आणि दिशा बदलण्याच्या क्षणी एखादे पाऊल भलत्या बाजूला मोजले जाते. संगणकातील एक खूण उलटी केली की दोष जातो. पैसा लागत नाही. लागते ती चूक अंतराबरोबर वाढते की दिशाबदलांबरोबर, हे वहीत मांडून पाहण्याची चिकाटी.

या सर्वांआधी एक पैशाचा उपाय करून घ्यावा. मोटरच्या दंडावर आणि पुलीवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढावी. तासभर काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर पुलीचा ग्रब स्क्रू सैल आहे. संगणकावर खापर फोडलेल्या कितीतरी चुका या रेघेवर सापडल्या आहेत.

विजेचे म्हणून जे दोष असतात ते निराळ्याच वेळी प्रकट होतात. यंत्र हवेत, कटर न फिरवता, सगळा कार्यक्रम बिनचूक करते. स्पिंडल सुरू केला की मध्येच थांबते आणि टेबल हद्दीला टेकले असा खोटा निरोप देते. स्पिंडलचा वेग बदलणारा व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो-जोडतो, आणि त्याचा उपद्रव शेजारून जाणाऱ्या बारीक तारांत उतरतो. व्हीएफडीची केबल जाळीच्या आवरणाची घेऊन ती इतर तारांपासून दूर न्यावी. लिमिट स्विचच्या तारांचे आवरण एकाच टोकाला अर्थ करावे. सगळे अर्थिंग एका ठिकाणी आणावे. आणि स्विचना पाच व्होल्टऐवजी चोवीस व्होल्ट द्यावेत. स्विच नेहमी बंद राहणारे, म्हणजे दाबल्यावर तुटणारे घ्यावेत. तार उंदराने कुरतडली तरी यंत्र आपण होऊन थांबते.

संगणक स्वतःच स्पंदने पाठवीत असेल तर त्याचेही वेळेचे भान तपासावे लागते. लिनक्स-सीएनसीबरोबर त्यासाठी एक चाचणी मिळते; ती चालू असताना संगणकाला मुद्दाम इतर कामांना जुंपावे. विलंब वीस मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. शंभराच्या पुढे गेला तर स्पंदने बनविण्याचे काम वेगळ्या पट्टीकडे सोपवावे. लॅपटॉप या कामी सहसा नापास होतात, कारण ते वीज वाचविण्याच्या नादात अधूनमधून डुलकी घेतात.

आणि एक गोष्ट अशी, की जिच्यात चूक झाली तर गेज लावण्याची पाळी येत नाही. थांबविण्याचे लाल बटण संगणकाला विनंती करणारे असता कामा नये. त्याने मोटरींचा आणि स्पिंडलचा पुरवठा थेट, रिलेमार्फत तोडला पाहिजे. कारण नेमक्या ज्या क्षणी हात अडकतो, त्या क्षणी संगणकही अडकलेला असू शकतो. फिरत्या स्पिंडलपाशी हातमोजे घालू नयेत. मोज्याचा धागा कटरने पकडला की मागोमाग बोटे जातात. जुन्या कपाटातील मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतात; मीटरने मापल्याशिवाय तेथे बोट घालू नये. चालू ड्राइव्हची मोटरची तार उपसली तर निदान मनुष्य वाचतो, पण ड्राइव्ह जळतो.

काम पुरे झाल्यावर जुने कपाट अंगणात पडून राहते. ते सगळेच भंगारात घालण्याची घाई करू नये. मूळ बॉस अजून चालता ठेवणारे काही चिवट लोक आहेत, आणि त्यातले एखादे चांगले उरलेले कार्ड त्यांच्यापैकी कोणाच्या तरी बंद यंत्राला हवे असते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर यंत्राचे साल आणि कार्डाचा नंबर लिहून, ते माळ्यावर ठेवून द्यावे.