साखरेच्या मशीनची पट्टी जपा



आता आपल्या गटातल्या कुणा ना कुणाच्या घरी साखर तपासायचं मशीन असतंच. सासूबाईंसाठी घेतलेलं, नाहीतर मुलानं शहरातून आणून दिलेलं. मशीन आपण फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतो आणि पट्ट्यांची डबी मात्र चुलीजवळच्या फळीवर! खरं तर जपायची ती पट्टी. साखर ओळखण्याचं काम तीच करते.

पट्टीवर वीज वाहून नेणारे बारीक पट्टे असतात. त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. त्यांच्या टोकाशी एन्झाइम, म्हणजे विकर, वाळवून लावलेलं असतं. रक्तात शंभर गोष्टी असल्या तरी हे विकर त्यातली साखर बरोबर हुडकतं. थेंब लागला की बारीकसा वीजप्रवाह तयार होतो. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. मशीन तो मोजून आकडा दाखवतं. विकराचा असा उपयोग करण्याची कल्पना अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली.

पण विकर नाजूक. दमट हवा आणि ऊन त्याला सोसत नाही. डबीत ओल शोषून घेणारा पदार्थ असतो, म्हणून पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं. "चार पट्ट्या दे गं" म्हणून शेजारणीला कागदाच्या पुडीत बांधून देऊ नका. पावसाळ्यात तर नकोच. फ्रिजमध्येही नको. डबीवरची तारीख वाचा.

दुसरी गोष्ट हाताची. आमच्या एका ताईंनी आंबा चिरला आणि तसंच बोट टोचलं. आकडा तीनशेच्या वर! हात धुऊन, कोरडा करून, नवी पट्टी लावली तर एकशे साठ. त्या इन्सुलिन घेतात. पहिल्या आकड्यावर विसंबून जास्त टोचलं असतं तर साखर एकदम उतरली असती, आणि ते जिवावर बेतू शकतं.

विकराशिवाय चालणारी पट्टी करायचेही प्रयत्न चालू आहेत. त्यात इलेक्ट्रोडवर सोनं, प्लॅटिनम, निकेल किंवा तांब्याचा जाळीदार मुलामा देतात. विजेनं मुलामा चढवताना हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, धातू त्यांच्याभोवती जमतो आणि बुडबुडे निघून गेले की भोकं राहतात. घावनाला जाळी पडते ना, अगदी तसं! धातूवर साखरेचं काम सावकाश चालतं, म्हणून तेवढ्याशा टोकावर जास्त जागा लागते. ती जाळीमुळे मिळते. घोडं अडलंय ते रक्तापाशी. रक्तातल्या मिठानं प्लॅटिनम-सोन्याचं काम मंदावतं, आणि निकेल-तांब्याला कॉस्टिक सोड्यासारखं द्रावण लागतं. रक्त काही तसं नसतं. त्यामुळे आज दुकानात मिळते ती पट्टी विकराचीच.

मशीनचा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. तिथं दोनशे आणि घरी एकशे ऐंशी आलं तर मशीन बिघडलं असं समजू नका. मधुमेह आहे की नाही, हे मात्र प्रयोगशाळेतल्या तपासणीवरच ठरवायचं. आकडा सत्तरच्या खाली, अंगाला घाम, हात थरथरताहेत, अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर आधी साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.

येत्या बैठकीला येताना आपापली डबी घेऊन या. झाकणं आणि तारखा तिथंच बघून टाकू.