भिंती कोणी बांधल्या? ग्रेट झिंबाब्वेची गोष्ट

झिंबाब्वे म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, नाहीतर ती शंभर ट्रिलियन डॉलरची नोट. पण हे नाव मुळात एका दगडी नगराचं. शोना भाषेत त्याचा अर्थ साधारण 'दगडी घरं'.

हे नगर, म्हणजे ग्रेट झिंबाब्वे, समुद्रापासून काहीशे किलोमीटर आत आहे. शोना लोकांच्या पूर्वजांनी ते साधारण ११व्या ते १५व्या शतकात उभारलं. तिथल्या सगळ्यात मोठ्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर आहे सुमारे २५० मीटर, आणि काही ठिकाणी तिची उंची ११ मीटरपर्यंत जाते. म्हणजे तीन मजली इमारत धरा. आणि चुना वगैरे काही नाही! ग्रॅनाइटचे तुकडे नीट घडवून नुसते एकावर एक रचलेत.

एवढा पैसा आला कुठून? एक तर गुरंढोरं, ती खरी श्रीमंती. आणि दुसरं, सोनं आणि हस्तिदंत. हा माल पायवाटांनी आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला बंदराकडे जायचा. तिथून पुढचा धंदा स्वाहिली लोकांच्या हातात. हे किनाऱ्यावरचे मुसलमान व्यापारी. त्यांची भाषा आफ्रिकेतलीच, बांटू कुळातली, पण अरबी शब्दांनी भरलेली. त्यांचं किल्वा बंदर आजच्या टांझानियात आहे. १३३१ साली इब्न बतूता तिथे गेला, आणि जगातल्या सुंदर शहरांत त्याने किल्वाची गणना केली.

आता यात आपण कुठे? तर मोसमी वाऱ्यात. हिवाळ्यात वारा भारताकडून आफ्रिकेकडे वाहतो, नंतर उलटा फिरतो. गलबतं त्याच हिशोबाने ये-जा करायची. इकडून कापड आणि काचेचे मणी जायचे. आपल्या अलिबागजवळच्या चौलला सापडलेल्या काचेची आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या काही मण्यांची रासायनिक घडण जुळते. १०व्या शतकातला अल-मसूदी तर चौललाही आला होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यालाही गेला होता. तिकडचा हस्तिदंत ओमानमार्गे भारतात येतो, असं त्याने लिहून ठेवलंय.

ग्रेट झिंबाब्वेच्या उत्खननात काचेचे मणी मिळाले, चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले, इराणी वाडगा मिळाला. किल्वाच्या सुलतानाचं एक तांब्याचं नाणंसुद्धा मिळालं.

आणि इथेच खरी गोम आहे. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला आणि त्याने थेट शेबाच्या राणीशी संबंध जोडला. पुढे सेसिल ऱ्होड्सच्या माणसांना ही कल्पना फारच सोयीची वाटली. कारण 'इथे आधी बाहेरचेच राज्य करत होते' असं ठरलं की आपण जमीन बळकावली तरी बिघडलं कुठे? १९०२ ते १९०४ मध्ये रिचर्ड हॉलने 'साफसफाई' म्हणून आतले मातीचे थरच्या थर उपसून फेकले. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लॉगच डिलीट केले. कोण, कधी राहत होतं याचा पुरावा त्या मातीतच होता.

तरी उरलेल्या मातीने उत्तर दिलंच. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हरने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सनने स्वच्छ सांगितलं, हे काम आफ्रिकन लोकांचंच. पण गोऱ्या ऱ्होडेशिया सरकारला ते शेवटपर्यंत पचलं नाही. हेच म्हणणाऱ्या पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला.

विचार करा, उद्या कुणाला आपल्या घरात चिनी मोबाइल सापडला, तर घर चिन्यांनी बांधलं असं म्हणायचं का? बाहेरची वस्तू सापडली म्हणजे घरमालक ती विकत घेण्याइतका ऐपतीचा होता, एवढंच. म्हणून 'आपण आफ्रिकेला व्यापार शिकवला' असा फॉरवर्ड आला, तर जरा थांबा. आपले मणी तिकडे गेले, कारण तिकडे गिऱ्हाईक होतं. सोनं काढणारे, भाव ठरवणारे, भिंती रचणारे तिथलेच होते.

१९८० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याने याच नगराचं नाव घेतलं. त्यांच्या झेंड्यावरचा पक्षी पाहिलाय? तोही तिथलाच, मऊ दगडात कोरलेला. पुढच्या मॅचला झेंडा दिसला की नीट बघा.

चला, भेटू पुढच्या भागात!