मी मालक झालो त्याची गोष्ट



काल-परवा या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलून गेली. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. म्हणून मी आज असा विषय घेतला आहे, की ज्याची परीक्षा मी स्वतः दिली आहे. निकाल काय लागला, तो शेवटी सांगतो.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून,’ असे आपले वाडवडील सांगून गेले. आपण या म्हणीचा अर्थ दमछाक एवढाच घेतो. पैसा पुरत नाही, गवंडी वेळेवर येत नाही, वाळू मिळत नाही. हे सगळे खरेच आहे. पण माझ्या अनुभवाने मला त्या म्हणीत आणखी एक अर्थ सापडला. घर बांधताना माणसाची पारख होते, आणि ती शेजारीपाजारी करोत वा न करोत, स्वतःची स्वतःला करावीच लागते.

मी इचलकरंजीचा. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. त्याला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९८४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी मी मागावर उभा राहिलो. पाळी बारा तासांची. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. तिघे दिवसपाळीचे, तिघे रातपाळीचे. एकजण उठला की त्याच्याच वाकळेवर दुसरा आडवा व्हायचा. लग्नानंतर सात भाड्याच्या खोल्या बदलल्या. पुढे संघटनेच्या कामाला लागलो. कामगारांच्या घरांसाठी मोर्चे काढले, निवेदने दिली. घरी आल्यावर मात्र बायको विचारी, “आणि आपलं घर?”

शेवटी एक गुंठा जागा घेतली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद. सावकाराला ही जागा अंगणाएवढी वाटेल. आम्हाला ती मैदानाएवढी वाटली. जागा गुंठेवारीतली. २००१ च्या कायद्याने अशा वसाहती नियमित करण्याची सोय झाली होती. ते कागद जमवण्यात काही वर्षे गेली. मग पतसंस्थेचे कर्ज, बायकोची भिशी, आणि तिच्या दोन बांगड्या, असे भांडवल उभे राहिले. २०१२ च्या दिवाळीनंतर कुदळ मारली.

आमच्याकडची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर पाया ठेवला तर दोन पावसाळ्यांत भिंती तडकतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. आम्ही साडेपाच फूट खाली गेलो. ती सगळी माती पाटीपाटीने वर आली, आणि ती पाटी दोन बायकांच्या डोक्यावर होती. एक थोरली, एक धाकटी. दोघी जत तालुक्यातल्या. २०१२ चा पाऊस गेला होता, शेतात काम नव्हते, म्हणून बिगारीला आल्या होत्या.

पहिल्याच सकाळी थोरलीने मला हाक मारली, “मालक, पाणी कुठलं घ्यायचं?”

बंधूंनो, मी मागे वळून पाहिले. मालक कोण आला, म्हणून! अठ्ठावीस वर्षे हा शब्द मी दुसऱ्यांसाठी वापरत होतो, आणि तोही काही प्रेमाने नव्हे. आता तो माझ्या अंगाला चिकटला.

मेस्त्रीने दर सांगितले होते : गवंड्याला चारशे, गड्याला अडीचशे, बाईला दीडशे. मी मान हलवली होती. संध्याकाळी हिशेबाची वही बायकोच्या हातात पडली. तिने अनेक वर्षे कांड्या भरल्या आहेत. मजुरीचा आकडा तिच्या नजरेतून सुटत नाही. ती म्हणाली, “बाईला दीडशे का हो? पाटी तर तीच उचलती.”

मी उत्तर दिले, “बाजारभाव आहे.”

ती काही बोलली नाही. वही मिटून ठेवली. मी मात्र त्या रात्री जागा होतो. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. त्यावर मी किती सभांतून बोललो होतो! आणि मालक मंडळी प्रत्येक वेळी मला जे उत्तर देत, तेच शब्दशः माझ्या तोंडून बाहेर पडले होते.

तरीही मी दर बदलला नाही. ‘पाया होऊ दे, मग बघू,’ असे मनाशी म्हणालो. हेही मालकांचेच वाक्य. यंत्रमागाच्या धंद्यात एका शेडमध्ये चार नावांचे चार कारखाने दाखवतात, म्हणजे कामगारांची संख्या कायद्याच्या खाली राहते. त्या पळवाटांवर मी हसत असे. आता मीही कायद्याचे पुस्तक उघडले. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा दहा लाखांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला लागू नव्हता. माझे घर साडेसहा लाखांचे. मला बरे वाटले. आणि बरे वाटले, याचीच आज लाज वाटते. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बहुतेक घरांवर त्या कायद्याची नजर नाही. तिथे बाईमाणसाच्या घामाची जबाबदारी आपल्या मनावर सोडलेली आहे.

तीन आठवडे गेले. तिसऱ्या पगारानंतरच्या सोमवारी धाकटी कामावर आली नाही. गावाकडून निरोप आला आणि ती गेली, एवढेच थोरलीला ठाऊक होते. पत्ता विचारला, तर तिला गावाचे नावही नीट सांगता येईना. दोघींची ओळख इथल्या नाक्यावरचीच. त्या दिवशी मी मेस्त्रीला सांगितले, “आजपासून बाईला अडीचशे.” तो म्हणाला, “साहेब, तुम्ही घर बांधून मोकळं व्हाल. पुढच्या मालकाला मी काय सांगू?” त्याचा प्रश्न खोटा नव्हता. माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, “माझ्या वहीत तरी चूक नको.”

थोरलीला मागच्या अठरा दिवसांचा फरक दिला, अठराशे रुपये. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि विचारले, “ह्ये कशाचं?” मी म्हणालो, “तुमचंच आहे, माझ्याकडं राहिलं होतं.” धाकटीच्या जागी दुसरी बाई आली. पुढचे चव्वेचाळीस दिवस दोघींना दिवसाला शंभर जादा, ते आठ हजार आठशे. एकूण दहा हजार सहाशे रुपये गेले. घरात चकचकीत फरशी घालायची होती. तिच्या जागी शहाबादी आली. उन्हाळ्यात ती थंड असते, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो.

जानेवारीत स्लॅब पडला. दुसऱ्या दिवशी वर वाळूची आळी करून पाणी भरले. सिमेंट नुसते वाळून घट्ट होत नाही. त्याला पाणी प्यावे लागते. चौदा दिवस ओल सुटू द्यायची नाही. थोरली वर पाणी सोडत होती. सोडता सोडता म्हणाली, “आमच्या गावात टँकरची वाट बघत्यात, आन् हितं सिमीट पाणी पितंय.” तक्रारीचा सूर नव्हता. दिसले ते बोलली. पाणी बंद करणे शक्य नव्हते. केले असते तर स्लॅब कच्चा राहिला असता. पण ते वाक्य माझ्या छताखाली कायमचे राहायला आले आहे.

काम संपताना तिने एक कागद मागितला. बांधकाम कामगारांच्या मंडळात नाव नोंदवायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. माझ्याकडे तिचे बासष्ट दिवस भरले होते. बासष्टाचा दाखला मी लिहून दिला. उरलेल्या अठ्ठावीस दिवसांसाठी आधीच्या तीन घरमालकांकडे तिला घेऊन गेलो. एकाने सही केली. दुसरा म्हणाला, “नसती भानगड नको.” तिसरा भेटलाच नाही. पण त्या एका सहीने दिवस भरले, आणि तिची नोंदणी झाली.

आता निकाल. त्या मेस्त्रीच्या पुढच्या कामावर बाईचा दर पुन्हा दीडशेच झाला. एका माणसाच्या पश्चात्तापाने बाजार बदलत नाही. त्याला पुष्कळ माणसे लागतात, म्हणून तर संघटना. पण या सभागृहातल्या कितीतरी जणांनी घर बांधले असेल, कितीजण बांधणार असतील. त्यांना दोनच गोष्टी मागतो. पाटी उचलणाऱ्या बाईला पाटी उचलणाऱ्या गड्याइतके द्या. आणि काम संपले की तिच्या दिवसांचा दाखला न मागता लिहून द्या. एक पान कागद आणि एक सही, एवढाच खर्च आहे.

माझ्या वहीत अठराशे रुपये अजून येणे-देण्याच्या रकान्यात उभे आहेत. धाकटीचे. जत भागातली माणसे नाक्यावर भेटली की मी विचारतो. अजून पत्ता लागलेला नाही. वास्तुशांतीला लोक म्हणाले, घर छान झाले. हो, झाले. पतसंस्थेचे कर्जही फिटले. पण घर पुरते माझे झाले, असे त्या अठराशे रुपयांमुळे मला म्हणता येत नाही.