चेहरा कोणाचा, गळा कोणाचा?

(भंडारा जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दिवाळी होते, धान घरात येते आणि आपल्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. दंडार होते, शंकरपट होतात आणि पाठोपाठ नाटकांचा हंगाम सुरू होतो. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, तिकडे गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या सगळ्या पट्ट्यात रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत मिटत नाही. वडसा हे नाटक कंपन्यांचे ठाणे. आणि नाटक म्हटले की गाणे हवेच. समोर ऑर्गन आणि तबला नसेल तर आपला प्रेक्षक त्याला नाटकच म्हणणार नाही.

म्हणून 'संगीत नाटकाचा सिनेमा करताना कोणाला घ्यायचे' हा विषय पुण्या-मुंबईच्या लोकांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. २०२२ साली झाडीपट्टीच्या रंगभूमीवर 'झॉलीवूड' नावाचा सिनेमा आला. आज तर गावच्या नाटकाचे चित्रीकरण मोबाइलवरून घरोघरी फिरते. उद्या आपले नाटक पडद्यावर जाईल तेव्हा त्यातली बाई कोण होणार? तिच्यासाठी गाणार कोण? पाटीवर नाव कोणाचे लागणार? आणि हे सगळे ठरवणार कोण? हे प्रश्न आपण आजच विचारले पाहिजेत.

थोडे मागे जाऊ. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख त्यात आहे. त्या नाटकाने महाराष्ट्र हलला. पण ते दुःख लिहिले पुरुषाने, बसवले पुरुषांनी आणि शारदा होऊन गायला उभा राहिला तोही पुरुषच. आपल्याकडच्या दंडारीत आणि खडी गंमतीतही लुगडे नेसून पुरुषच नाचत आले. घरंदाज बाईने रंगमंचावर जायचे नाही, आणि जी जाईल तिला घरंदाज म्हणायचे नाही, असा तो दुहेरी फास होता.

या व्यवस्थेतून बालगंधर्वांसारखा थोर कलावंत निर्माण झाला हे कोणी नाकारत नाही. १९११ सालच्या खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये ते भामिनी झाले तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची, चालण्याची नक्कल बायका करत, असे म्हणतात. जरा विचार करा. बाईने कसे दिसावे, कसे लाजावे, कसे रुसावे, हे पुरुषाने दाखवायचे आणि बायकांनी घरी जाऊन गिरवायचे!

मग सिनेमा आला. बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ झाले. पण १९३७च्या 'साध्वी मीराबाई'मध्ये ते पुन्हा स्त्रीवेषात आले, स्वतः मीराबाई होऊन. तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. रंगमंचावर जे प्रेक्षक डोळे मिटून मान्य करत, ते पडद्यावर मान्य होईना. याचे कारण सोपे आहे. नाटकात प्रेक्षक लांब बसतो, दिव्यांचा उजेड मर्यादित असतो आणि गळा उरलेले सगळे झाकून टाकतो. कॅमेरा मात्र नाकापाशी येऊन बसतो. जी गोष्ट समाजसुधारकांना जमली नाही ती कॅमेऱ्याने करून टाकली. बाईच्या कामाला बाईच लागते हे त्याने सिद्ध केले.

तसे पाहिले तर त्याची सुरुवात आधीच झाली होती. फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण बाई मिळेना. त्यांच्याच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे आल्या, स्वतः बोलल्या, स्वतः गायल्या. या बायकांनी काय काय ऐकून घेतले असेल याची कल्पना आपण करू शकतो, कारण नाटकात जाणाऱ्या मुलीला आजही तेच ऐकावे लागते. तिचे नाटक बघायला गाव लोटते, पण सून म्हणून ती कोणाला नको असते.

बाई पडद्यावर आली म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. प्रश्नाने रूप बदलले. पार्श्वगायन सुरू झाले आणि बाईचे दोन तुकडे झाले. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा. यातून अनेक गायिकांना काम मिळाले, मान मिळाला, हे खरे. पण निवड करणाऱ्याला एक मोकळीकही मिळाली. आधी देखणी मुलगी पाहा, गाण्याचे नंतर बघू.

परदेशातले एक उदाहरण सांगते. 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक १९५६ साली न्यूयॉर्कला आले. त्यात फुले विकणारी एलायझा झाली होती ज्युली अँड्र्यूज, आणि गातही होती तीच. १९६४ साली सिनेमा निघाला तेव्हा निर्मात्याने तिला घेतले नाही. सिनेमात तिचे नाव झाले नव्हते ना! घेतले ऑड्री हेपबर्नला, आणि बहुतेक गाणी म्हणवून घेतली मार्नी निक्सन या तिसऱ्याच बाईकडून. या निक्सनबाईंचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. म्हणजे भूमिका घडवणारी बाहेर, गाणारी अंधारात, आणि जी पडद्यावर दिसली तिला टोमणे की ही काही गायली नाही. तिघी बायकांना एकमेकींसमोर उभे केले गेले आणि निर्णय घेणारा मात्र नामानिराळा राहिला. ज्युलीला त्याच वर्षीच्या 'मेरी पॉपिन्स'साठी ऑस्कर मिळाले हा भाग वेगळा.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आले. खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, झरीना झाल्या फैयाज. दोघेही स्वतः गात. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्याचा सिनेमा केला. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन होते, ते स्वतः गायले. सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले आणि त्यांच्यासाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. सदाशिवसाठी महेश काळे गायले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोक पुन्हा नाट्यसंगीत ऐकू लागले. तेव्हा संगीत नाटकाचा सिनेमा करू नये, असे माझे अजिबात म्हणणे नाही. करावा, आणि असाच मनापासून करावा.

पण एक बघा. या कथेत भांडण कशावरून आहे? गाण्याचा वारसा कोणाचा यावरून. पंडितजींना मुलगी आहे, उमा. खाँसाहेबांच्या घरात झरीना आहे. दोघींनाही गाणे कळते. तरी वारस म्हणून धडपडतो तो सदाशिव, आणि या दोघी त्याला वाट दाखवतात. १९६७ सालच्या नाटकात असे असेल तर समजू शकते. पण नाटक पडद्यावर आणताना प्रसंग बदलतात, पदे गाळतात, नवी गाणी घालतात. मग एवढी उलथापालथ करणाऱ्यांना 'उमाच का नको गायला?' हा प्रश्न पडायला काय हरकत आहे? बाईच्या भूमिकेत कोण, हे विचारण्याआधी बाईला भूमिका केवढी, हे विचारले पाहिजे.

तसेच वयाचे. सचिन पिळगावकरांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी खाँसाहेबांसारखी जबरदस्त भूमिका मिळाली. त्या वयाच्या बाईसाठी तेवढ्या ताकदीची, गाणारी भूमिका आपल्या संगीत नाटकांत सहजी सापडत नाही. २०२५च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' पडद्यावर आले. भामिनी झाली वैदेही परशुरामी. बालगंधर्वांची भूमिका बाईकडे आली ही आनंदाची गोष्ट आहे. पण बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही नायिका होऊ शकत होते. पन्नाशीच्या बाईला नायिका म्हणून कोण उभे करील?

दुसरा प्रश्न आहे तो बोलीचा आणि रंगाचा. 'वेस्ट साइड स्टोरी' या अमेरिकन संगीत नाटकात पोर्टो रिको बेटावरून आलेल्या मुलीची गोष्ट आहे. १९६१च्या सिनेमात ते काम गोऱ्या नॅटली वूडला दिले, गाणी पुन्हा त्या मार्नी निक्सनकडून म्हणवून घेतली. २०२१ साली तोच सिनेमा नव्याने केला तेव्हा मात्र जाहीर आवाहन करून, जिची आई लॅटिन अमेरिकन घरातली आहे अशी अगदी नवखी मुलगी निवडली, आणि ती स्वतः गायली. साठ वर्षे लागली, पण फरक पडला. तो आपोआप पडला नाही, लोकांनी बोलून दाखवले म्हणून पडला.

आपल्याकडे उद्या कोणी झाडीपट्टीचे नाटक पडद्यावर नेईल तर काय होईल? पाण्याला 'पानी' म्हणणारी, धानाच्या बांधीत राबून उन्हाने रापलेली आपली मुलगी नायिकेच्या मैत्रिणीचे काम करील, की नायिकेचे? आपली बोली फक्त हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी येईल, की प्रेम करणाऱ्या, भांडणाऱ्या, रडणाऱ्या बाईच्याही? 'झॉलीवूड'चे दिग्दर्शक तृषांत इंगळे यांनी इथल्याच कलावंतांना घेऊन सिनेमा केला. म्हणजे ते करता येते. प्रभातच्या 'संत तुकाराम'मधली आवली आठवा. प्रभातमध्ये किरकोळ कामे करणाऱ्या गौरीबाईंना ती भूमिका दिली होती. १९३६चा तो सिनेमा आजही पाहिला तर ती शेणामातीतली, तोंडाने फटकळ आणि पोटाने मायाळू बाई तुकारामाइतकीच लक्षात राहते.

म्हणून काही गोष्टी आपण धरून बसू या. नाटकाचे चित्रीकरण करायचे तर काम करणाऱ्या बाईला आधी विचारले पाहिजे, आणि ते विकले जाणार असेल तर तिचा वाटा कागदावर लिहिला पाहिजे. रात्रीच्या प्रयोगाचे पैसे देऊन सिनेमा पदरात पाडून घेणे हा व्यवहार नव्हे. गळा दुसरीचा असेल तर दोघींची नावे सारख्याच अक्षरांत यावीत. निवड बंद खोलीत, ओळखीपाळखीने नको. दिवसाउजेडी, चार लोकांसमोर व्हावी आणि मुलीबरोबर कोणी आले तर त्याला बाहेर बसवू नये. आणि कराराचा कागद वाचून, समजून घेतल्याशिवाय सही करू नये. शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या वादावरून स्टुडिओच्या दारात उपोषण केले होते आणि पुढे 'जाऊ मी सिनेमात?' असे पुस्तकच लिहिले. तेव्हा प्रसिद्धीच्या शिखरावर असलेल्या बाईला दारात बसावे लागले. आपल्या मुलींना ती पाळी येऊ नये.

कोणी म्हणेल, कलेत कसले हक्क, ज्याला जमेल त्याला घ्यावे. अगदी बरोबर! आपणही तेच म्हणतो. जिला जमेल तिला घ्या. पण जमते की नाही हे पाहण्यासाठी आधी तिला उभी तर राहू द्या. तिचा रंग, तिची बोली, तिचे वय, तिची जात, तिचे लग्न झाले की नाही, हे सगळे बघून झाल्यावर उरलेल्या चार-दोन जणींतून निवडले, तर त्याला गुणांची पारख म्हणत नाहीत.

यंदा मंडईत नाटकाचा फलक लागेल तेव्हा थांबून वाचा. नायिकेचे नाव पूर्ण लिहिले आहे की नुसता फोटो आहे, ते पाहा. गाणारीचे नाव आहे का, ते पाहा. नसेल तर मंडळाच्या लोकांना विचारा, आणि एकटीने नका विचारू, पाचजणी मिळून जा. नाटकाला तिकीट काढून आपणही बसतो. तेव्हा विचारण्याचा आपला हक्क आहेच.