बाराव्या वाट्याचं कुंकू

आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगायला आलोय.

आमच्या गटात बारा जणी. त्यातल्या एकीचे मालक २०२१ मध्ये कोरोनात गेले. गावात तिला सगळे वहिनीच म्हणतात. बैठकीला आली की ती दाराशी, चपलांजवळ बसायची. शंभर रुपये बचत द्यायची, सही करायची, निघायची.

सचिव बाळंतपणाला माहेरी गेली आणि वही वहिनीकडे आली. तिनं बघितलं तर दोघींची परतफेड लिहिलेलीच नाही, एकीकडून व्याज दोनदा घेतलेलं. अध्यक्षीणबाई चिडल्या. वहिनी एवढंच म्हणाली, "अक्का, पासबुक काढा. मी वाचते, तुम्ही ऐका." पंचसूत्रीतलं 'नियमित लेखे' आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं, पण पाळलं तिनं.

आणि तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमचं ताट तिला ओलांडून पुढे गेलं. वाणाचा डबा दिला, कुंकू नाही. आम्ही शिकल्यासवरलेल्या, तिथंच उभ्या होतो. गप्प बसलो.

ती त्या दिवशी बोलली नाही. पुढच्या बैठकीत खर्च लिहिताना तिनं विचारलं, "वर्गणी बाराजणींची, कुंकू अकराजणींना. बाराव्या वाट्याचं काय लिहू?" कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. शासनानंही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. वहिनीनं पेपरातलं कात्रण वहीत ठेवलं आणि महिला सभेत वाचून दाखवलं.

मग ग्रामसभा. तिचा दीर सगळ्यांदेखत म्हणाला, "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?" पूर्वीची वहिनी पदर सावरून खाली बसली असती. ती उभीच राहिली. "भावजी, माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा अख्खी आळी बघत होती. तो चव्हाटा नव्हता का?" मागून कुणीतरी हसलं, पण ती बसली नाही. आम्ही अकराजणी उठून तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिलो. उशिरा, पण राहिलो. ठराव त्या दिवशी झाला नाही, पुढच्या सभेवर ढकलला. अजून झालेला नाही. वहिनी प्रत्येक सभेआधी अर्ज देते आणि पोच घेतल्याशिवाय हलत नाही.

पुढच्या संक्रांतीला ताट तिच्याच हातात दिलं. गावातल्या बऱ्याच जणींनी कुंकू लावून घेतलं. आमच्याच गटातल्या दोघी मात्र न घेता उठल्या. त्यातल्या एकीला मार्चमध्ये मुलीच्या फीसाठी कर्ज हवं होतं. ती खाली मान घालून आली. वहिनीनं तिला पाणी दिलं, शेजारी बसवलं आणि तिचा अर्ज लिहून दिला.