उबवणी पेटीला मंद आच

गावरान पिल्लांसाठी हल्ली बरेच गट उबवणी पेटी वापरतात. कुणी तयार आणली, कुणी थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब आणि पंखा बसवून घरीच केली. पेटी करणं अवघड नाही. अडतं ते थर्मोस्टॅटच्या जोडणीपाशी. म्हणून आज तेवढंच बोलू.

खुडूक कोंबडी बघा. कधी अंगाखाली अंडी घट्ट दाबून बसते, कधी पंख सैल सोडते, मध्येच उठून चार दाणे टिपून येते. तिची ऊब हळूहळू कमीजास्त होते. पंख्याच्या पेटीत आपल्याला हेच साधायचंय, साधारण 37.5 अंश सेल्सिअसवर, 21 दिवस. अंडी थोडा वेळ गार पडली तर बहुतेकदा निभावतं. पण पेटी 40 अंशांच्या पुढे जाऊन काही तास तशीच राहिली, तर आतली पिल्लं मरतात.

स्वस्तातल्या थर्मोस्टॅटला दोनच गोष्टी येतात, बल्ब चालू आणि बल्ब बंद. दूध तापवताना गॅस एकतर पूर्ण मोठा, नाहीतर बंद, मधली मंद आच नाहीच, असा कारभार. बल्ब बंद झाला तरी त्याची काच तापलेलीच असते, म्हणून आकडा आणखी चढतो. मग बराच खाली आला की पुन्हा बल्ब लागतो. किती खाली आल्यावर लागायचं हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. तिथे 2 अंश असतील तर अर्ध्या अंशाच्या आसपास आणा. अजून कमी का नाही? कारण मग आतला रिले दिवसरात्र कट्-कट् करत राहतो. तारेचा बल्ब थंड असताना लावला की क्षणभर नेहमीच्या दहापटीच्या आसपास वीज ओढतो. त्या ठिणग्यांनी रिलेच्या आतले पत्रे कधीतरी एकमेकांना चिकटतात. एकदा चिकटले की पेटी 45 अंशांवर गेली तरी बल्ब जळतच राहतो, आणि सकाळी गटाची शंभर अंडी वाया.

बल्ब तारेचाच लागतो बरं का. एलईडी बल्ब उजेड देतो, पुरेशी ऊब देत नाही. आणि एका मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बरे. एक गेला तरी दुसरा थोडी ऊब धरून ठेवतो.

मंद आच हवी असेल तर दुकानात पीआयडी कंट्रोलर मागा. तो दर दोन सेकंदांतला थोडाच वेळ बल्ब लावतो. कमी ऊब हवी तर अर्धा सेकंद, जास्त हवी तर दीड. इतकी उघडझाप साध्या रिलेला झेपत नाही. त्यासाठी एसएसआर नावाचा, आत हलणारा पत्रा नसलेला रिले लागतो. कंट्रोलर घेतानाच विचारा, "हा एसएसआर चालवतो ना?" दोन्ही प्रकारचे मिळतात आणि दिसतात सारखेच.

ही गफलत फक्त आपल्याकडेच होते असं नाही. थंड देशांत घरं उबदार ठेवायला नळ्यांतून गरम पाणी फिरवतात. त्यावर थोडी थोडी उघडणारी झडप असते. तिला 0 ते 10 व्होल्टचा इशारा लागतो. 5 व्होल्ट दिले की ती साधारण अर्धी उघडते. तिथे मोबाइलवर चालणारा, पण नुसतं चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट जोडला, तर ती महागडी झडप नुसती पूर्ण उघडते किंवा पूर्ण मिटते. इशाऱ्याच्या वायरीत घरातली 230 व्होल्टची वीज गेली, तर जळतेच.

आता जोडणी. काम वायरमनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. प्लग काढलेला हवा. फेजची वायर आधी संरक्षक थर्मोस्टॅटमधून, मग एसएसआरमधून, मग बल्बला. न्यूट्रल सरळ बल्बला. पंखा यातल्या कशातूनही जाऊ द्यायचा नाही, तो अखंड फिरला पाहिजे. एसएसआरला कंट्रोलरकडून येणाऱ्या दोन बारीक वायरींची अधिक-उणे बाजू उलटी होता कामा नये. पेटीत पाण्याचा ट्रे असतो, ओल असते, म्हणून अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. यात पैसे वाचवू नका. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर लटकवा, बल्बची झळ थेट लागेल असा नको.

संरक्षक थर्मोस्टॅट म्हणजे साधाच, स्वस्तातला चालू-बंदवाला, 38.5 अंशांवर लावलेला. एरवी त्याला काही काम नसतं. पण एसएसआरसुद्धा बिघडला की बरेचदा चालूच अडकतो. तेव्हा हाच वीज तोडतो. याला सेन्सर स्वतःचा, वेगळा हवा. पहिल्याचा सेन्सर निसटून खाली पडला, तर कंट्रोलरला पेटी गारच वाटत राहणार.

मोबाइलवर निरोप पाठवणारा थर्मोस्टॅट दुकानदार आग्रहाने दाखवतो. घ्यायला हरकत नाही, पण लाइट गेली की घरातला वायफायही जातो आणि नेमका तेव्हाच निरोप येत नाही. बॅटरीवरचा साधा भोंगा जास्त कामाचा. लाइट गेल्यावर झाकण उघडून बघत बसू नका. हवेची भोकं मोकळी ठेवून वरून गोधडी टाका.

अंडी ठेवण्याआधी पेटी रिकामीच एक दिवस-रात्र चालवा आणि आत काचेचा थर्मामीटर ठेवून आकडे ताडून बघा. मग कंट्रोलर मुद्दाम 41 वर लावा. 38.5 ला बल्ब विझला पाहिजे. ही परीक्षा वायरमन समोर असताना घ्या, त्याचे पैसे चुकते करण्याआधी.